सायकल अंगाला बसवताना: ओळंबा, गुण्या आणि पाणसळ

सायकल विकत घेताना बहुतेक दुकानांत एकच परीक्षा होते. सीटवर बसवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघतात, आणि टेकले की "झाली सेट" म्हणून पाना खिशात जातो. गल्लीबोळांत, दर पन्नास पावलांवर थांबत चालवायची असेल तर तेवढं चालतं. पण त्याच सीटवर बसून माणूस सिंहगडाच्या वाटेला लागला, आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर करू लागला, की थोड्याच दिवसांत गुडघ्याच्या वाटीमागे ठणका सुरू होतो. मग सल्ले येतात: वय झालं, नी-कॅप घाल, तेल चोळ, सायकल सोड. "सीट दोन इंच वर घे" असं सांगणारा क्वचित भेटतो.

पाय टेकण्याचा हट्ट चुकीचा का, ते आकड्यांतच दिसतं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, जिथे फिरतो तो बॉटम ब्रॅकेट साधारण रोड बाइकवर जमिनीपासून २७ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो. पायाची आतली लांबी ७८ सेंटिमीटर असलेल्या माणसाची सीट बॉटम ब्रॅकेटपासून सुमारे ६९ सेंटिमीटरवर हवी. सीटट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या फ्रेमच्या नळीचा, तिरकेपणा धरला तरी सीटचा माथा जमिनीपासून ९३ सेंटिमीटरवर जातो. पाय ७८ आणि उंची ९३. म्हणजे सीट बरोबर असेल तर बसल्या बसल्या तळवे टेकूच शकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे घसरून टॉप ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीच्या, वर उभं राहायचं, सायकल जरा कलती करायची आणि एक पाय खाली टाकायचा. ही सवय दोन संध्याकाळी मोकळ्या मैदानात केली की अंगवळणी पडते, आणि ती पडल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

मिलिमीटरचा एवढा बाऊ कशाला, असंही विचारलं जातं. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यात दहा तास जरी पायडल मारलं तरी ४८,००० वेळा. चुकीच्या कोनात एकदा वाकल्याने काही होत नाही. चुकीच्या कोनात ४८,००० वेळा वाकल्याने होतं.

साहित्य

घरच्या घरी फिटिंगला लागणारी निम्मी हत्यारं गवंड्याच्या थैलीत सापडतात: ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), गुण्या (काटकोनी पट्टी), पाणसळ (बुडबुड्याने पातळी दाखवणारी पट्टी). ओळंबा नसेल तर जाड दोऱ्याला नट बांधा. याशिवाय मेजरिंग टेप, एलन की चा संच, जमल्यास टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट कसणारा पाना), स्लो मोशन असलेला फोन, आणि टिकल्यांचं एक पाकीट. टिकल्या कशाला ते पुढे येईल. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावता आली तर उत्तम. तेव्हा पुढच्या चाकाखाली ठोकळा किंवा जुनी पुस्तकं ठेवून दोन्ही चाकांचे अक्ष एका पातळीत आणा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी निघतील. ट्रेनर नसेल तर भिंतीला टेकून आणि घरातल्या कोणाला तरी मागून धरायला लावून काम भागतं.

एक वही उघडा. आज सायकल जशी आहे तशी मापं आधी लिहून ठेवा: बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि सीट व हँडल यांच्या उंचीतला फरक. प्रयोग फसला तर परतायची वाट हीच.

आणि क्रम पाळा. पाय, मग सीट, मग हँडल. बरेच जण मान दुखते म्हणून आधी स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलतात, मग सीट सरकवतात, की स्टेमचं माप पुन्हा चुकतं. सीट ठरते ती पायांवरून. हँडल सीटच्या मागोमाग येतं, आधी नाही.

पाय

साधं पायडल असेल तर एवढंच बघा की पायडलचा अक्ष चवड्याखाली येतो. तळव्याच्या खोलगट भागाने पायडल दाबायची सवय बहुतेक खूप खाली असलेल्या सीटमुळे लागलेली असते. मऊ, वाकणाऱ्या तळाचे जॉगिंगचे बूट लांबच्या पल्ल्याला त्रास देतात; कडक तळाचा साधा बूट बरा.

क्लीट (बूट पायडलला अडकवणारा, तळाला बसणारा तुकडा) लावत असाल तर बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेला हाडाचा उंचवटा चाचपा आणि बुटाच्या बाहेर टेपवर खूण करा. करंगळीच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याचीही तशीच. पायडलचा अक्ष या दोन खुणांच्या मधोमध यायला हवा. लांब पल्ल्याचे सायकलस्वार क्लीट आणखी थोडी टाचेकडे नेतात, कारण त्याने पोटरीवरचा आणि टाचेच्या शिरेवरचा ताण कमी होतो. क्लीट फार पुढे, म्हणजे बोटांकडे असेल, तर हीच शीर आधी कुरकुरते.

क्लीटचा कोन ठरवायचा तर टेबलावर बसून पाय मोकळे लोंबकळू द्या आणि वरून बघा. कोणाची पावलं सरळ असतात, कोणाची बाहेर वळलेली. जशी आहेत तशीच क्लीट लावा. "सरळ दिसली पाहिजे" म्हणून पाय पिळू नका. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी ६ अंश, निळी २ अंश हलू देते आणि लाल अजिबात नाही. नवशिक्याने पिवळीच घ्यावी. लाल क्लीट लावून मिरवणारे बरेच असतात, पण गुडघ्याला स्वतःची वाट शोधायला जागा लागते.

सीटची उंची

इथे वेळ द्या. बाकी सगळं थोडं चुकलं तरी चालून जाईल, उंची नाही.

अनवाणी, सायकलिंगची चड्डी घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावलांत सहा इंच अंतर. गुण्याची एक बाजू भिंतीला लावून दुसरी बाजू जांघेत वर सरकवा, सीटवर बसल्यावर लागेल तेवढा दाब येईपर्यंत. गुण्या नसेल तर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक चालतं, पण ते तिरकं होतं आणि माप हमखास एखाद-दीड सेंटिमीटरने चुकतं. जमिनीपासून गुण्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या.

या मापाला ०.८८३ ने गुणा. हे सूत्र ग्रेग लेमॉन्डच्या नावाने ओळखलं जातं, १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन तो हाच. ७८ सेंटिमीटरला उत्तर येतं ६८.९. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटट्यूबच्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत हे अंतर ठेवा. पण सूत्राला देव मानू नका. बुटाचा तळ, पायडलची जाडी, क्रँकची लांबी, मांड्यांच्या मागच्या स्नायूंचा लवचीकपणा, यांतलं काहीच त्यात धरलेलं नाही. सुरुवातीचा खुंटा म्हणून ते चांगलं आहे, एवढंच.

आता टाचेची कसोटी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि क्रँक सीटट्यूबच्या सरळ रेषेत आणा. अगदी सहाच्या काट्यावर नाही: सीटट्यूब तिरकी असते, त्यामुळे पायडल सर्वांत लांब जातं ते सहाच्या किंचित आधी. तिथे गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला न झुकता. मग चवडा पायडलवर आणलात की गुडघ्यात आपोआप योग्य वाक येतो.

टिकल्या इथे लागतात. एक खुब्याच्या हाडावर, पाय उचलल्यावर बाजूला जो टणक उंचवटा हाताला लागतो त्यावर. दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सांध्याच्या मध्यावर. तिसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. फोन स्टुलावर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, सायकलला बरोबर काटकोनात, तीन मीटर लांब. जवळून काढलेल्या व्हिडिओत कोन वेडेवाकडे येतात. पाच-सात मिनिटं नेहमीच्या गतीने पायडल मारा, अंग मोकळं झाल्यावर स्लो मोशन घ्या आणि पाय सर्वांत लांब गेलेली फ्रेम थांबवा. तीन टिकल्या जोडणाऱ्या रेषा काढून गुडघा सरळ रेषेपासून किती वाकला ते मोजा. स्थिर बसून मोजलं तर २५ ते ३५ अंश हवेत. पायडल फिरत असताना हाच कोन सात-आठ अंशांनी जास्त येतो, ३३ ते ४३ च्या दरम्यान, त्यामुळे व्हिडिओतला आकडा ३८ दिसला म्हणून घाबरून सीट वर घेऊ नका. ही चूक इतक्या जणांची होते की मुद्दाम सांगितलं.

शेवटची परीक्षा मागून. कोणाला तरी मागे उभं करून कंबर बघायला सांगा. ती डावी-उजवीकडे डोलत असेल, किंवा पायडल खाली जाताना पावलं बोटांवर ताणली जात असतील, तर सीट उंच आहे. गुडघे बाहेर फेकले जात असतील, मांडी पोटाला लागत असेल, तर खाली.

बदल एका वेळी दोन-तीन मिलिमीटरचाच, आणि त्यानंतर दोन-तीन राइड तशाच. ज्याची सीट वर्षानुवर्षं दोन इंच खाली होती त्याने एकदम वर नेली तर मांडीच्या मागचे स्नायू आठवडाभर बोलतात. टप्प्याटप्प्याने न्या.

सीट पुढे की मागे

क्रँक आडवा, तीन आणि नऊच्या रेषेत ठेवा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावरून ओळंबा सोडा. दोरी पायडलच्या अक्षावरून जाते का बघा. अक्षाच्या पुढे पडली तर सीट मागे घ्या, मागे पडली तर पुढे.

ही कसोटी जुनी आणि लोकप्रिय आहे. तिच्यामागे पक्कं शास्त्र नाही, अशी टीकाही जुनीच. गुडघा नेमका अक्षावरच हवा, असा गुरुत्वाकर्षणाचा कुठलाही नियम नाही. मला ती सुरुवातीपुरती पुरेशी वाटते. खरी परीक्षा तोलाची: ट्रेनरवर थोडा जोर लावून पायडल मारत असताना, धड न उचलता हात हँडलपासून एखाद इंच वर उचला. धड तसंच राहिलं तर ठीक. पुढे कोसळत असाल तर सीट फार पुढे आहे आणि तुमच्या शरीराचा भार तळहात वाहतायत. हे रस्त्यावर करून बघू नका.

लक्षात ठेवायचं ते हे, की उंची आणि पुढे-मागे हे दोन वेगळे व्यवहार नाहीत. सीटट्यूब साधारण ७३ अंशात कललेली असते, म्हणून सीट १० मिलिमीटर मागे नेली की पायडलपासूनचं अंतर सुमारे ३ मिलिमीटरने वाढतं. तेवढी ती खाली घ्यावी लागते.

कल आणि रुंदी

सीटवर लांबीच्या दिशेने सपाट पुस्तक ठेवा, त्यावर पाणसळ. बुडबुडा मध्ये आणा. जांघेत दाब येत असेल तर टोक एक-दोन अंश खाली, त्याहून जास्त नको. नाहीतर अंग सतत पुढे घसरतं आणि ते रोखायला हात, खांदे, मान राबतात. हात बधिर होण्याचं मूळ कधीकधी सीटच्या कलात असतं, ते असं.

रुंदीसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, गुडघे जरा वर घेऊन पुढे वाका. उठल्यावर बैठकीच्या हाडांचे दोन खळगे दिसतील. बोट फिरवून त्यांचे मध्य शोधा. त्या अंतरात २० ते २५ मिलिमीटर मिळवले की सीटची साधारण रुंदी मिळते. जेलचं गुबगुबीत कव्हर मात्र घेऊ नका. हाडं त्यात रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन नेमका तिथे दाबतो जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. कडक, योग्य रुंदीची सीट आणि पॅडची चड्डी, आत दुसरं काही न घालता, हे लांबच्या पल्ल्याला जास्त सुखाचं.

हँडल

आता वळा पुढच्या बाजूला. ब्रेकच्या हूडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठींवर, हात ठेवून बसा. कोपरं किंचित वाकलेली, खांदे कानांपासून लांब, आणि बोटांनी हँडलावर तबला वाजवता येतो का? येत असेल तर अंतर बरोबर. बोटं घट्ट आवळलेली आणि कोपरं ताठ असतील तर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. स्टेमखाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, आहेत का बघा. बऱ्याचदा ते स्टेमच्या वर सरकवलेले असतात, ते खाली घेतले की हँडल वर येतं. स्टेम उलटी लावली की तिचा कोन बदलतो, खर्च शून्य. त्यानंतरच छोटी स्टेम. ९० मिलिमीटरची ८० केली तरी फरक जाणवतो. फक्त सीट पुढे ओढून हँडल जवळ आणू नका. सीट पायांसाठी ठरवली आहे, तिला हातांच्या सोयीसाठी हलवलं की गुडघे बिल भरतात.

हँडलची रुंदी खांद्यांच्या हाडांमधल्या अंतराएवढी. हात लहान असतील तर बऱ्याच ब्रेक लिव्हरना एक छोटा स्क्रू असतो, त्याने लिव्हर जवळ येते. स्त्रियांच्या सायकली म्हणून वेगळं काही शोधण्यापेक्षा अरुंद हँडल, योग्य रुंदीची सीट आणि १६५ मिलिमीटरचा क्रँक या तीन गोष्टींकडे लक्ष दिलं तर जास्त फायदा. बुटक्या पुरुषांनाही हेच लागू.

फ्रेमच चुकीच्या मापाची असेल तर मात्र इलाज थोडाच. दुकानात मीडियम शिल्लक नव्हती म्हणून लार्ज गळ्यात मारलेली सायकल छोट्या स्टेमने थोडी सुसह्य होते, बरोबर होत नाही.

दुखतं कुठे, त्यावरून

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे. गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते, म्हणून. पण सीट तपासण्याआधी गिअर तपासा. कात्रज किंवा खंबाटकीचा चढ मिनिटाला ५० फेऱ्यांनी जड गिअरवर रेटणाऱ्याला कुठलंही फिटिंग वाचवू शकत नाही. मागे ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) लावा, सपाटीवर ८० ते ९० फेऱ्या ठेवा. गुडघ्याच्या मागे दुखलं तर उलट: सीट उंच किंवा फार मागे. बाहेरच्या बाजूला, धावणाऱ्यांना होतो तसा चरचरणारा त्रास असेल तर उंच सीट आणि आत वळलेली क्लीट, या दोन्हींवर संशय घ्या. आतल्या बाजूला दुखलं तर क्लीटच.

हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेतून जाणारी नस दबते आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट मागे मोडून धरताय. दोन्हींत पुढचा भार कमी करा, हाताची जागा बदलत राहा. आणि टायर बघा! साइडवॉलवर लिहिलेला कमाल आकडा गाठायची आपल्याकडे खोड आहे. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ६५ ते ७५ पीएसआय पुरते. शंभर भरले की रस्त्यातली प्रत्येक खडी तळहाताला कळते.

मानेचं दुखणं बहुतेक लांब किंवा खाली असलेल्या हँडलमुळे. कधी नुसतं हेल्मेट कपाळावर उतरलेलं असतं किंवा चष्म्याची वरची कड नजरेच्या मध्ये येते, म्हणून माणूस मान जास्त वर करतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून ती आपल्याकडे परिचयाची झाली. त्या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की काहींचं डोकं वर राहीनासं होतं. त्या अवस्थेला १९८३ मध्ये तसं झालेल्या मायकेल शर्मरचं नाव आहे: शर्मर्स नेक. आपल्या दीडशे किलोमीटरला ते होत नाही, पण दुखणाऱ्या मानेने रात्रभर बीआरएम करायचा हट्ट धरू नये.

कंबर दुखत असेल तर फिटिंगइतकाच दोष दिवसभराच्या खुर्चीचा. हँडल एक सेंटिमीटर वर घ्या आणि पोटाचे-पाठीचे व्यायाम सुरू करा. दुसऱ्याशिवाय पहिल्याचा उपयोग तात्पुरता.

गुडघ्यावर सूज, गुडघा अडकणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा दुसऱ्या दिवशीही न गेलेला बधिरपणा असेल तर पाना खाली ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा. एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान असल्याची शंका आली तरी क्लीटखाली स्वतः पट्ट्या घालू नका. बऱ्याचदा पाय सारखेच असतात, कंबर कललेली असते. ते फिजिओला तपासू द्या.

फिटरकडे जायचं असेल तर

क्लीट लावून लांब पल्ला करणाऱ्याने एकदा जावं, असं माझं मत. फिटर चांगला की नाही ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तो सायकलला हात लावण्याआधी तुम्हाला खाटेवर झोपवून पाय उचलून बघतो, जुनी दुखापत विचारतो, आठवड्याला किती चालवता ते विचारतो. थेट लेझर आणि कॅमेरे दाखवणाऱ्यापेक्षा हा बरा. आधीची आणि नंतरची मापं लेखी मागा, आणि महिन्याने पुन्हा तपासणी पैशांत धरली आहे का विचारून घ्या.

बोल्ट कसताना

सीटपोस्ट (सीटखालची दांडी) आणि स्टेम यांवर टॉर्क, म्हणजे बोल्ट कसण्याचा जोर, छापलेला असतो, बऱ्याचदा ५ न्यूटन मीटर. स्टेमच्या तोंडाचे चार बोल्ट तिरपे-आडवे, थोडे थोडे करत कसा. सीटपोस्टवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये; दिसत असेल तर लांब पोस्ट घ्या. ॲल्युमिनियमच्या पोस्टला ग्रीस लावा, विशेषतः मुंबई-कोकणात, नाहीतर घाम आणि खाऱ्या हवेने ती फ्रेममध्ये धरून बसते. कार्बनला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट.

सगळं जमलं की सीटपोस्टभोवती फ्रेमला लागून इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या आणि सहा आकडे वहीत लिहा: सीटची उंची, सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे, सीटचा कल, सीटच्या टोकापासून हँडल, दोन्हींतला उंचीचा फरक, क्लीटची जागा. सर्व्हिसिंगला दिलेली सायकल परत येते तेव्हा सीट बहुधा हललेली असते, रेल्वेने किंवा विमानाने न्यायची तर ती काढावीच लागते. बूट किंवा सीट बदलली तर उंची पुन्हा मोजा. नव्या सीटची जाडी जुनीपेक्षा सेंटिमीटरभर वेगळी निघणं अगदी नेहमीचं आहे.